कुत्र्यांसाठी घरगुती गोठवलेला खाऊ

कुत्र्यांसाठी घरगुती गोठवलेला खाऊ म्हणजे फळे, भाज्या, दही, ताक किंवा बिनमिठाचे सूप यांपासून घरी तयार करून फ्रीजरमध्ये गोठवलेले आणि उन्हाळ्यात पाळीव कुत्र्यांना दिले जाणारे पदार्थ होत. बर्फाच्या साच्यात गोठवलेले छोटे खडे, वाटीत गोठवलेली वडी, पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवलेले मिश्रण आणि फळांचे नुसते गोठवलेले तुकडे हे त्याचे प्रचलित प्रकार आहेत. हा खाऊ पूरक स्वरूपाचा असतो. तो रोजच्या जेवणाची किंवा पिण्याच्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही, तसेच तो उष्माघातावरील उपचारही नव्हे. माणसांसाठी बनवलेले आइस्क्रीम, कुल्फी किंवा श्रीखंड यांचा या प्रकारात समावेश होत नाही, कारण माणसाला निरुपद्रवी असलेले काही घटक कुत्र्याच्या शरीरात विषासारखे काम करतात.

शरीरशास्त्रीय पार्श्वभूमी

निरोगी कुत्र्याचे शरीरतापमान साधारणपणे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे माणसापेक्षा सुमारे दीड-दोन अंशांनी अधिक असते. घामाद्वारे शरीर थंड ठेवण्याची माणसासारखी सोय कुत्र्याला नाही. पाणीदार घाम निर्माण करणाऱ्या ग्रंथी त्याच्या शरीरावर मुख्यतः पंजांच्या गाद्यांपुरत्या मर्यादित असतात आणि शरीर थंड करण्यात त्यांचा वाटा फारच अल्प असतो. कुत्रा उष्णता बाहेर टाकतो तो प्रामुख्याने धापा टाकून. जलद श्वासोच्छ्वासाबरोबर जीभ, तोंड आणि नाकातील ओलसर आवरणांवरून हवा वाहते, तेथील पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी शरीरातील उष्णता घेऊन जाते.

या यंत्रणेला दोन मर्यादा आहेत. पहिली पाण्याची. शरीरात पुरेसे पाणी नसेल तर वाफ होण्यासाठी काही उरत नाही. दुसरी हवेतील दमटपणाची. हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यास धापा टाकूनही वाफ कमी होते. त्यामुळे मुंबई, कोकण आणि गोवा येथील ३४-३५ अंशांचा दमट उन्हाळा तापमापकावर सौम्य दिसला, तरी कुत्र्याच्या दृष्टीने तो सौम्य नसतो. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा हवा कोरडी असते आणि वाफ लवकर होते, परंतु त्याच वेगाने शरीरातील पाणीही घटते.

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा आखूड नाकाच्या जातींमध्ये श्वसनमार्ग अरुंद असल्याने धापा टाकण्याची क्षमताच अपुरी पडते. लठ्ठ, वृद्ध, हृदयविकार असलेले आणि दाट केसांचे कुत्रेही अधिक जोखमीच्या गटात येतात.

बर्फाने शरीर किती थंड होते

गोठवलेला खाऊ दिल्याने कुत्र्याचे शरीर थंड होते, हा समज अंशतःच खरा आहे. शून्य अंशावरील १०० ग्रॅम बर्फ वितळण्यासाठी सुमारे ३३ किलोज्यूल उष्णता लागते आणि त्यातून झालेले पाणी कुत्र्याच्या शरीरतापमानापर्यंत येण्यासाठी आणखी सुमारे १६ किलोज्यूल. म्हणजे एकूण जवळपास ५० किलोज्यूल. वीस किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान एका अंशाने बदलण्यासाठी सुमारे ७० किलोज्यूल लागतात. म्हणजे इतका बर्फ एकदम पोटात गेला आणि त्या वेळात शरीरात नवी उष्णता मुळीच निर्माण झाली नाही, असे गृहीत धरले तरी तापमान जेमतेम ०.७ अंशाने उतरेल. प्रत्यक्षात हाच कुत्रा नुसता पडून असतानाही ताशी शंभरहून अधिक किलोज्यूल उष्णता निर्माण करीत असतो. बर्फाचा हा परिणाम त्यामुळे अर्ध्या तासाच्या आतच भरून निघतो.

याउलट त्याच १०० ग्रॅम पाण्याची धापांद्वारे वाफ झाली, तर सुमारे २४० किलोज्यूल उष्णता शरीराबाहेर जाते, म्हणजे बर्फाच्या गारव्याच्या जवळजवळ पाचपट. गोठवलेल्या खाऊचा खरा उपयोग त्याच्या गारव्यात कमी आणि त्यातून सावकाश पोटात जाणाऱ्या पाण्यात अधिक आहे, तो या कारणाने. उन्हाळ्यात खाणेपिणे मंदावलेला कुत्रा भांड्यातील पाण्याकडे पाठ फिरवतो, पण सुपाचा किंवा कलिंगडाचा गोठवलेला तुकडा चाटत बसतो, असे अनेकदा आढळते. सर्वसाधारण परिस्थितीत कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात ही गरज वाढते.

खाऊचा दुसरा उपयोग वर्तनाशी संबंधित आहे. दुपारच्या उन्हात फिरवणे बंद ठेवावे लागते, तेव्हा घरात कोंडलेला तरुण कुत्रा कंटाळून चपला, उशा आणि दारे कुरतडतो. गोठवलेले मिश्रण चाटून संपवायला त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि त्यानंतर तो बहुधा झोपतो. प्राणिसंग्रहालयांतही याच तत्त्वाचा वापर होतो. मुंबईतील भायखळा येथील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात उन्हाळ्यात प्राण्यांना बर्फात गोठवलेली फळे दिली जातात.

उगम

कुत्र्यांसाठी खास गोठवलेला पदार्थ व्यापारी स्वरूपात प्रथम अमेरिकेत रुळला. ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुपोषणाचे प्राध्यापक विल्यम टायझनिक यांनी तयार केलेला ‘फ्रॉस्टी पॉज’ हा आइस्क्रीमसदृश पदार्थ त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. कोलोराडो राज्यातील जो मार्कहॅम यांनी १९७० च्या दशकात बाजारात आणलेल्या ‘काँग’ या पोकळ रबरी खेळण्यामुळे आत मिश्रण भरून गोठवण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. भारतातील शहरांतही आता कुत्र्यांसाठीचे तयार आइस्क्रीम मिळते. मात्र घरगुती खाऊचा फायदा असा की, त्यातील प्रत्येक घटक करणाऱ्याला ठाऊक असतो.

उपयुक्त घटक

कलिंगड हा या खाऊतील सर्वांत सोपा घटक मानला जातो. त्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि १०० ग्रॅम गरातून केवळ ३० कॅलरी मिळतात. बिया आणि साल काढून टाकणे आवश्यक असते, कारण सालीचे मोठे तुकडे पचत नाहीत आणि लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकतात. खरबूज, सफरचंद (बिया व मधला कठीण भाग वगळून), पपई आणि केळे हीदेखील चालणारी फळे आहेत. केळ्यात साखर व कॅलरी अधिक असल्याने ते मिश्रण घट्ट करण्यापुरतेच वापरतात. आंब्याचा गर थोड्या प्रमाणात चालतो. कोय मात्र कुत्र्याच्या हाती लागू देणे धोक्याचे असते. रसाच्या दिवसांत कोय गिळल्याने आतडे तुंबून शस्त्रक्रिया करावी लागण्याचा प्रसंग येऊ शकतो.

भाज्यांपैकी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, गाजर, काकडी आणि फरसबी सुरक्षित आहेत. लाल भोपळ्यात तंतू भरपूर असतात आणि तो दह्यात चांगला मिसळतो.

दुधाच्या बाबतीत फरक समजून घ्यावा लागतो. प्रौढ कुत्र्यांमध्ये दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवणारे विकर कमी असते. म्हणून दूध किंवा दुधाचे आइस्क्रीम खाल्ल्यावर अनेक कुत्र्यांना जुलाब होतात. दह्यात विरजणातील जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच आंबवलेला असतो. दही फडक्यात बांधून केलेल्या चक्क्यातील लॅक्टोज निथळलेल्या पाण्याबरोबर आणखी कमी होते. या हिशेबाने बिनसाखरेचा चक्का हा महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात सहज मिळणारा आणि बहुतेक कुत्र्यांना मानवणारा आधार ठरतो. पातळ, अदमुरे ताकही चालते. मात्र त्यात मीठ, हिंग, आले, मिरची किंवा फोडणी असता कामा नये. मठ्ठा त्यामुळे बाद होतो.

कोंबडीचे हाडांसहित उकळलेले, मीठ-मसाला न घातलेले सूप हा मांसाहारी घरांतील नेहमीचा पर्याय होय. सूप थंड झाल्यावर वर साचलेला चरबीचा थर काढून टाकतात आणि हाडे पूर्णपणे गाळून घेतात. शिजलेली हाडे फुटून टोकदार होतात व अन्ननलिकेला किंवा आतड्याला इजा करतात. नेहमीच्या रश्श्यातून कुत्र्यासाठी वाटीभर काढून ठेवण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही, कारण त्यात कांदा-लसूण असतोच. कुत्र्यासाठीचे सूप वाटण घालण्यापूर्वीच वेगळे काढावे लागते.

शेंगदाण्याचे लोणी किंवा घरी कुटलेला भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट चवीसाठी वापरला जातो. यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. विकतच्या लोण्यात झायलिटॉल, मीठ व साखर नसावी, आणि घरच्या शेंगदाण्यांना बुरशीचा वास किंवा काळपटपणा नसावा. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनला कुत्र्याचे यकृत अतिशय संवेदनशील असते. हे विष भाजल्याने किंवा गोठवल्याने भरवशाने नष्ट होत नाही.

नारळपाणी निरोगी कुत्र्याला थोडे दिल्यास अपाय होत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्यांना ते देत नाहीत.

धोकादायक घटक

गोठवलेल्या खाऊमुळे होणारे गंभीर अपाय बहुतांशी थंडपणामुळे नव्हे, तर त्यात मिसळलेल्या चुकीच्या घटकामुळे होतात.

झायलिटॉल हा साखरेला पर्याय म्हणून वापरला जाणारा गोड पदार्थ त्यांत सर्वाधिक घातक आहे. माणसात त्याचा इन्सुलिनवर फारसा परिणाम होत नाही. कुत्र्यात मात्र तो स्वादुपिंडाला मोठ्या प्रमाणात इन्सुलिन सोडायला लावतो आणि रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. दर किलो वजनामागे सुमारे ०.१ ग्रॅम एवढ्या मात्रेतही हा परिणाम दिसू शकतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यासाठी एक ग्रॅम पुरेसा आहे. उलट्या, अडखळत चालणे, अशक्तपणा आणि झटके ही लक्षणे अनेकदा अर्ध्या ते एका तासात सुरू होतात. मात्रा अधिक असल्यास यकृत निकामी होते. बिनसाखरेचा च्युइंगगम, काही प्रकारचे शेंगदाण्याचे लोणी, टूथपेस्ट व साखरविरहित मिठाया यांत हा पदार्थ आढळतो. वेष्टनावर तो ‘बर्च शुगर’ या नावाने किंवा ९६७ या क्रमांकानेही नोंदलेला असू शकतो. स्टीव्हिया किंवा सुक्रॅलोज यांचा असा परिणाम होत नाही. त्यामुळे ‘शुगर फ्री’ एवढ्या शब्दांवरून निष्कर्ष न काढता घटकांची यादी वाचणे आवश्यक ठरते.

द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात. काही कुत्रे मूठभर द्राक्षे खाऊनही धडधाकट राहतात, तर काहींना मोजके बेदाणे बाधतात. म्हणूनच यासाठी सुरक्षित अशी मात्रा ठरवता आलेली नाही. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे यामागील कारण असावे, अशी मांडणी अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली आणि ती आता बऱ्याच अंशी मान्य झाली आहे. चिंचेतही हेच आम्ल विपुल असते. त्यामुळे चिंचेचे पाणी, चिंचेचा कोळ आणि चिंचगोळी हे पदार्थही कुत्र्यांपासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. नाशिक आणि सांगली या द्राक्षपट्ट्यांत, जेथे उन्हाळ्याच्या तोंडाशी घराघरांत द्राक्षे व बेदाणे असतात, तेथे हा धोका विशेष आहे. शिरा, खीर आणि प्रसादाच्या पदार्थांतील बेदाणेही याच गटात मोडतात.

चॉकलेट व कोको यांतील थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून तुलनेने लवकर निघून जाते. कुत्र्यात त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे १७ तास लागतात. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या, अस्वस्थता व अतिरिक्त लघवी ही लक्षणे सुरू होतात आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटपेक्षा गडद चॉकलेट आणि त्याहून कोको पावडर अधिक धोकादायक असते. आइस्क्रीमला रंग व चव आणण्यासाठी घातलेली दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, कोको पावडर दहा किलोच्या कुत्र्याला आजारी पाडण्यास पुरेशी आहे. कोल्ड कॉफीतील कॅफिनही याच वर्गातील द्रव्य आहे.

कांदा व लसूण कच्चे, शिजवलेले, वाळवलेले किंवा पूड केलेले अशा कोणत्याही रूपात तांबड्या रक्तपेशींना इजा करतात आणि रक्तक्षय घडवतात. अपाय लगेच न दिसता काही दिवसांनी फिकट हिरड्या, थकवा व गडद लघवी या रूपाने समोर येतो. त्यामुळे त्याचा संबंध आधी खाल्लेल्या सुपाशी अनेकदा जोडलाच जात नाही. तयार सुपाच्या वड्या आणि पाकिटे यांत कांद्याची पूड व मीठ दोन्ही असतात.

जायफळातील मायरिस्टिसिन मोठ्या मात्रेत भ्रम, जलद नाडी व झटके निर्माण करते. श्रीखंडावर किसलेल्या चिमूटभर जायफळाने बहुधा काही होत नाही. श्रीखंड वर्ज्य ठरते ते मुख्यतः साखरेमुळे. कुल्फी, मलई आणि रबडी यांतील स्निग्धांश पोट बिघडवतो आणि काही कुत्र्यांमध्ये स्वादुपिंडाचा वेदनादायक दाह घडवतो. मॅकाडेमिया नावाचे कवचफळ आणि मद्य हेही निषिद्ध आहेत. अॅव्होकॅडोचा गर कुत्र्यांना इतर प्राण्यांइतका बाधत नाही. त्याची मोठी बी अडकणे हाच त्यातील प्रमुख धोका आहे.

वरीलपैकी एखादा घटक पोटात गेल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाशी संपर्क साधणे आवश्यक असते. पदार्थाचे वेष्टन, खाल्लेले अंदाजे प्रमाण, वेळ आणि कुत्र्याचे वजन या चार गोष्टींवर उपचार ठरतात. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय स्वतःच घातक आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

तयार करण्याच्या पद्धती

सर्वांत साध्या पद्धतीत चक्का आणि उकडलेला लाल भोपळा किंवा केळे समप्रमाणात घुसळून बर्फाच्या साच्यात ओततात आणि चार ते सहा तास गोठवतात. कलिंगडाचा गर बिया काढून मिक्सरमधून फिरवला व त्यात थोडे दही मिसळले, की लालसर वड्या तयार होतात. सूप दुप्पट पाणी घालून गोठवले जाते, कारण येथे पौष्टिकतेपेक्षा पाणी महत्त्वाचे असते. मधुमेह असलेल्या कुत्र्यांसाठी फळांऐवजी काकडी किंवा पातळ सूप वापरतात.

गोठवलेला पदार्थ किती कडक असावा हा मुद्दा घटकांइतकाच महत्त्वाचा आहे. कुत्र्याच्या दातांवरील कवच माणसाच्या दातांच्या तुलनेत पातळ असते. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ ही त्याची मुख्य कातरणारी दाढ असून कठीण वस्तू चावताना तिचाच तुकडा उडण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून शुद्ध पाण्याचे मोठे, घट्ट खडे चावायला देणे पशुदंतवैद्यक नापसंत करतात. दही, भोपळा किंवा केळे मिसळलेले मिश्रण गोठूनही तुलनेने मऊ राहते आणि नखाने दाबल्यास खूण उमटते. साध्या बर्फाचा चुरा करून तो पाण्याच्या भांड्यात टाकणे हाही पर्याय आहे. फ्रीजरमधून काढलेला पदार्थ काही मिनिटे बाहेर ठेवतात. अतिथंड धातूच्या वाटीला ओली जीभ चिकटू शकते, त्यामुळे स्टीलच्या भांड्यातून तो काढून देणे श्रेयस्कर.

आकार कुत्र्याच्या आकारमानानुसार ठरतो. सबंध गिळता येईल इतका छोटा, कडक गोळा घशात अडकू शकतो. लाकडी काडी लावलेली कँडी देणे टाळतात, कारण कुत्रा काडीसह ती चावून गिळतो. हौसेने दांडी हवीच असेल तर गाजराचा लांब तुकडा वापरला जातो. प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेल्या ‘पेप्सीकोला’ नावाच्या कँडीतील रंगीत साखरपाणी आणि चघळून गिळलेली नळी, दोन्ही अपायकारक असतात.

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. त्यामुळे सूप उकळल्यानंतर दोन तासांच्या आत थंड करून गोठवणे इष्ट असते. भारनियमनामुळे वितळून पुन्हा गोठलेले मांसयुक्त खडे टाकून देणेच योग्य, मग ते वरून पूर्ववत दिसत असले तरी. बाजारातील बर्फाच्या लाद्या फोडून वापरण्याची प्रथाही धोक्याची आहे. मासे व अन्य माल टिकवण्यासाठीचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम करण्यात आला, तो याच कारणास्तव.

प्रमाण

पशुआहारतज्ज्ञांच्या सर्वसाधारण संकेतानुसार खाऊतून मिळणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण गरजेच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसाव्यात. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. म्हणजे खाऊचा वाटा ६० कॅलरींचा. एवढ्या कॅलरी २०० ग्रॅम कलिंगडातून किंवा १०० ग्रॅम दह्यातून मिळतात, तर शेंगदाण्याच्या लोण्याचा एकच मोठा चमचा ९० कॅलरींच्या पुढे जातो. पाच किलोच्या पॉमेरेनियनला लॅब्रॅडॉरइतकाच तुकडा देण्याची सवय लठ्ठपणाकडे नेते, आणि लठ्ठपणा उष्माघाताची जोखीम वाढवतो. दुग्धजन्य पदार्थ व कोंबडी यांची काही कुत्र्यांना अॅलर्जी असते, म्हणून नवा घटक प्रथम अल्प प्रमाणात व एकटाच देऊन पाहतात.

प्रचलित समज

बर्फ किंवा बर्फाचे पाणी दिल्याने कुत्र्याचे पोट फुगून पिळवटते व तो दगावतो, असा संदेश समाजमाध्यमांवर दर उन्हाळ्यात फिरतो. जठर फुगून स्वतःभोवती फिरणे हा विकार खरा आहे आणि तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास जीवघेणाही आहे. परंतु पाण्याच्या तापमानाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. खोल छातीची मोठी जात, वाढते वय, दिवसातून एकदाच भरपूर जेवण आणि भराभर खाणे हे त्याचे ज्ञात जोखीमघटक आहेत. धावून आलेल्या कुत्र्याने एका दमात भांडेभर पाणी, मग ते थंड असो वा साधे, गटागटा पिऊ नये एवढाच व्यवहारातील भाग.

बर्फाने कुत्र्याला सर्दी-खोकला होतो, हाही समज आढळतो. कुत्र्यांमधील संसर्गजन्य खोकला विषाणू व जिवाणूंमुळे होतो.

उष्माघात आणि बर्फ

उष्माघातात कुत्र्याचे शरीरतापमान ४१ अंशांच्या वर जाऊ शकते. न थांबणाऱ्या धापा, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, तोल जाणे, उलट्या आणि अखेर शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे आहेत. ब्रिटनमधील रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या ‘व्हेटकंपास’ प्रकल्पातील संशोधनात उष्णतेच्या विकाराने उपचारासाठी आणलेल्या कुत्र्यांपैकी साधारण सातातील एक दगावल्याचे आढळले. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश घटनांमागे बंद मोटार नव्हे, तर उष्ण हवेतील व्यायाम हे कारण होते.

अशा कुत्र्याच्या तोंडात बर्फ किंवा गोठवलेला खाऊ कोंबणे निरुपयोगी असते, कारण बर्फाची उष्णता शोषण्याची क्षमता वर नमूद केल्याप्रमाणे अगदी तोकडी आहे. शिवाय गिळण्यावरील नियंत्रण सुटलेले असल्यास वितळलेले पाणी फुप्फुसांत जाऊ शकते. शुद्धीवर असलेल्या कुत्र्यापुढे पाणी ठेवतात, पण जबरदस्तीने पाजत नाहीत.

थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसून उष्णता आतच अडकते, म्हणून फक्त कोमट पाणी वापरावे, असा सल्ला पूर्वी दिला जात असे. आताच्या मार्गदर्शनानुसार ‘आधी थंड करणे, मग हलवणे’ हा क्रम स्वीकारला जातो. तरुण व एरवी निरोगी कुत्र्याला डोके वर धरून थंड पाण्यात बसवतात. वृद्ध किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतत राहून पंख्याचा झोत सोडतात. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवल्यास तो लवकरच गरम होऊन वाफ होण्यास अडथळा आणतो. त्याच संशोधनगटाच्या २०२३ मधील अभ्यासात दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम पाचातील एकालाच निघण्यापूर्वी थंड करण्यात आले होते. कुत्रा सावरल्यासारखा दिसला तरी मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरील परिणाम पुढील एक-दोन दिवसांत उघड होऊ शकतात, त्यामुळे पशुवैद्यकीय तपासणी टाळता येत नाही.